कोणाच्याही मदतीशिवाय

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि छापलेल्या पानावर, दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेवर टेकवली.

“एवढी जागा का सोडलीस गं? यात अजून एक ओळ मावेल.”

“जर्नलचा नियम आहे, मावशी. तपासणाऱ्याला मध्ये लिहिता यावं म्हणून.”

“माझ्या वर्गात कोणी असं लिहिलं तर मी विचारते, कागद काय झाडाला लागतात का?”

“झाडालाच लागतात.”

“आगाऊपणा नको. आणि हे कडेला प्रत्येक ओळीला आकडे कशाला?”

“चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगायला सोपं जातं.”

“म्हणजे चूक असणार हे धरूनच चालतात,” बाई म्हणाल्या. “शहाणी माणसं दिसतात.”

भाची हसली, पण तिची नजर स्क्रीनवरून हटली नाही. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तिच्या लॅपटॉपने आणि कागदांनी व्यापला होता, उरलेल्या अर्ध्या भागात बाईंच्या सहावीच्या वह्यांचा गठ्ठा होता. लेखाचा सारांश अजून शब्दमर्यादेबाहेर जात होता. तिने ‘अत्यंत’ काढला. मग ‘खरोखर’ काढला. मग थोडा वेळ ‘लहानग्या’ या शब्दावर बोट ठेवून बसली आणि तोही काढला.

विद्यापीठातल्या प्राणिशास्त्र विभागात ती तात्पुरत्या जागेवर होती. ती जागा पुढे चालू राहायची असेल, तर यंदा तिच्या स्वतःच्या नावाने एक तरी लेख छापून यायला हवा होता. आधीचे दोन लेख परत आले होते. दुसरा तर इतक्या लवकर परत आला, की तो कोणी उघडून तरी पाहिला असेल का, अशी शंका यावी. त्याच सुमारास या जर्नलने शाळांबरोबर केलेल्या संशोधनाचा खास अंक काढायचं ठरवलं. तिने मावशीला फोन केला, आणि बाईंनी खिडकीतून दिसणाऱ्या शाळेच्या ओलसर भिंतीकडे बघत उत्तर दिलं, “आमच्याकडे गोगलगायी चिक्कार आहेत बघ. चालतील?”

चालल्या. मुलांनी प्रत्येकी एक गोगलगाय निवडली, तिच्या कवचावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन आकडा घातला आणि भिंतीवरची तिची जागा खडूने आखून ठेवली. एके दिवशी शाळा सुटताना भाचीने सगळ्या गोगलगायी उचलल्या आणि आवारात वेगवेगळ्या अंतरांवर नेऊन सोडल्या. काही नळाजवळ, काही घसरगुंडीपाशी, काही पार पलीकडच्या कुंपणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी आपापली जागा पाहिली. गोगलगाय तिथे असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली.

आकडे इतके सुरेख आले, की भाचीने ते पुन्हा पुन्हा तपासले. जवळ सोडलेल्या जवळजवळ सगळ्या परतल्या होत्या. अंतर वाढत गेलं तसं परतणाऱ्यांचं प्रमाण कमी होत गेलं. आलेखाची रेघ एखाद्या उतारावरून खाली यावी तशी उतरत होती, आणि उजव्या टोकाला, कुंपणापासून परत आलेल्या एका गोगलगायीचा ठिपका एकटाच उभा होता. त्या ठिपक्यावर भाचीचा जीव होता. आलेखाच्या रेघा किती जाड हव्यात, अक्षरं किती मोठी हवीत, याचे जर्नलचे नियम पाळून तिने तो आलेख कितीदा तरी नव्याने काढला होता, आणि दर वेळी तो ठिपका जागेवर आहे ना, हे आधी पाहिलं होतं.

“आता नावं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वर्गाचा हजेरीपट पुढे ओढला.

भाचीने मान वर केली. “मावशी, त्याबद्दल जरा बोलायचं होतं. आमच्या विभागातले सर म्हणतात, मुलांचा उल्लेख आभारात करावा. ‘शाळेच्या सहावीच्या वर्गाचे आभार.’ सुटसुटीत होईल.”

“सरांनी किती गोगलगायी रंगवल्या?”

“मावशी!”

“नाही, विचारते नुसती. आमच्या पोरांनी आकडे घातलेत. एकाने तर उलटा सहा काढला आणि पुसून सरळ केला. आभार काय, शाळेच्या समारंभात खुर्च्या लावणाऱ्यांचेही मानतात.”

भाचीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “बरं. पण मग हे बघ. लेखक म्हणून नाव घालायचं, तर प्रत्येकासाठी ही चौकट आहे. ‘या लेखकाने लेखाचा अंतिम मसुदा वाचला असून त्याला त्याची मान्यता आहे.’ एकेका नावापुढे खूण करायची.”

“मग?”

“मग काही नाही. खुणा करून टाकायच्या. सगळे करतात. एवढ्या लेखकांचा पेपर असला, की निम्म्यांनी तो वाचलेलाच नसतो.”

बाईंनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. वर्गात कोणी न वाचता ‘समजलं बाई’ म्हटलं, की त्या अशीच पेन्सिल खोचत आणि थांबत.

“उद्या पहिल्या तासाला ये,” त्या म्हणाल्या. “वाचून दाखवू.”

“मुदत उद्या संध्याकाळची आहे गं.”

“तास पाऊण तासाचा असतो.”

“त्यांना काय कळणार आहे त्यातलं?”

“ते माझ्यावर सोड. भागाकार कळतो त्यांना. त्याहून अवघड काय लिहिलं आहेस तू?”

भाचीने सारांशातला आणखी एक शब्द काढला, आणि मर्यादेचा लाल आकडा हिरवा झाला.

*

सकाळी वर्गात खिडक्या उघड्या होत्या आणि बाकांवर ऊन आलं होतं. भाची मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली. शेवटच्या क्षणी एखादा शब्द बदलावा लागला तर बदलता यावा, म्हणून तिने लेख उघडा ठेवला होता.

“आज आपण पेपर वाचायचा,” बाई म्हणाल्या.

“आज पेपर आहे?” पहिल्या बाकावरची एक मुलगी दचकली. तिला वर्गात सगळे विसरभोळी म्हणत, आणि तिलाही ते मान्य होतं. “बाई, मी अभ्यास नाही केला!”

“तो पेपर नव्हे. गोगलगायींचा. तुम्ही सगळे त्याचे लेखक आहात. आणि लेखकाने आपण काय लिहिलंय ते वाचलेलं असावं, अशी पद्धत आहे. जिथे पटणार नाही, तिथे उठून सांगायचं.”

“शुद्धलेखन पण सांगायचं?” मॉनिटरने विचारलं.

“ते मी रात्रीच बघितलंय. तू बस.”

बाई एकेक वाक्य वाचत आणि मग तेच सोपं करून सांगत. ‘आर्द्र अधिवास’ वाचून त्या म्हणाल्या, “म्हणजे ओली, सावलीची जागा. आपली पाण्याच्या टाकीमागची भिंत.” ‘यादृच्छिक पद्धतीने’ आलं तेव्हा त्यांनी डबीत चिठ्ठ्या घालून हलवायचा अभिनय केला. मुलं ऐकत होती. आपली भिंत, आपला नळ, आपली घसरगुंडी एवढ्या भारदस्त शब्दांत बसलेली पाहून काहींनी पाठ ताठ केली. सगळ्यात पळणारा, ज्याला घोडा म्हणत, त्याने शेजाऱ्याला कोपर मारून कुजबुजत सांगितलं, “‘लेखक’ म्हणाल्या मला. ऐकलंस?”

भाचीला वाटलं, बरं झालं आले.

“‘दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुसंख्य गोगलगायी मूळ स्थानी परतल्याचे आढळले,’” बाईंनी वाचलं. “म्हणजे बऱ्याच जणी सकाळी आपल्या घरी होत्या. तुम्ही खुणा केल्यात ना, तेच. ‘त्या कोणाच्याही मदतीशिवाय परतल्या असल्याने, त्यांना आपल्या घराची दिशा ओळखता येत असावी.’ हे तर सोपंच आहे.”

त्या पुढचं वाक्य वाचणार, तोच तिसऱ्या बाकावर एक मुलगी उभी राहिली. पुढचे दोन दात मोठे असल्यामुळे तिला खारूताई म्हणत. तिने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती.

“बाई, माझी मदतीने आली.”

“म्हणजे?”

“माझी गोगलगाय. ती मदतीने आली.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

वर्गात कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

“मी संध्याकाळी खेळायला आले होते,” खारूताई म्हणाली. “ती कुंपणापाशी होती. पूर्ण कवचात जाऊन बसली होती, शिंगंसुद्धा आत. तिकडे कुत्रा येतो बाई. आणि ठिपका मी लावला होता ना तिला.” ती थांबली. “मी खोटी खूण नाही केली. सकाळी ती होतीच तिथे.”

“होतीच,” बाई म्हणाल्या. “खूण बरोबर आहे तुझी. बस.”

कुंपणापाशी. भाचीच्या स्क्रीनवर आलेख होता. उजव्या टोकाचा तो एकटा ठिपका तिने क्षणभर पाहिला. मग आवाज शक्य तितका साधा ठेवत म्हणाली, “काही हरकत नाही. एक नोंद वगळता येते. एकीने फार फरक पडत नाही.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग वर्गाकडे. बऱ्याच माना खाली होत्या. इतकी वर्षं वर्ग पाहिलेल्या माणसाला खाली घातलेल्या माना वाचता येतात.

त्यांनी डस्टर उचललं. “मी आता फळा पुसणार आहे,” त्या म्हणाल्या. “माझी पाठ तुमच्याकडे असेल. ज्यांनी ज्यांनी आपली गोगलगाय उचलून आणली, त्यांनी हात वर करा. मी बघणार नाही. ओरडणारही नाही. ताईला फक्त मोजू द्या.”

फळा कोराच होता. तरी त्या तो वरपासून सावकाश पुसू लागल्या.

आधी खारूताईचा हात वर गेला. मग घोड्याचा. मग मॉनिटरचा, कोपरातून अर्धाच. मग खिडकीजवळची अख्खी रांग. भाचीने मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने थांबली, कारण हात वर नसलेल्यांना मोजणं सोपं पडत होतं.

“चेंडू एकच होता, ताई,” घोडा अचानक बोलला. हात अजून वरच होता. “मी खारूताईला विचारलं काय करतेस, तर ही म्हणाली चेंडू शोधतेय. मग मॉनिटर आला, तोही म्हणाला चेंडू. सगळेच आवारभर चेंडू शोधत होते.”

“आणि तू?” बाईंनी फळ्याकडेच बघत विचारलं.

“मीही चेंडूच म्हणालो.”

आता मात्र वर्ग हसला. भाचीला हसावं की काय करावं ते कळेना.

“ज्यांचे हात खाली आहेत,” ती म्हणाली, “तुम्ही शोधल्या नाहीत?”

“शोधली हो ताई!” मागचा एक मुलगा जवळजवळ रडकुंडीला आला. “माझी लांब होती, सापडलीच नाही. अंधार पडला, आई हाक मारायला लागली. म्हणून फुली.”

“माझी पण नाही सापडली.”

“माझी पण.”

भाचीने आलेखाकडे पाहिलं. नळाजवळच्या लगेच सापडल्या होत्या. घसरगुंडीजवळच्या थोड्या कमी. कुंपणाजवळच्या झुडपांत एकच सापडली होती, कारण तिथपर्यंत एकच मुलगी गेली होती. रेघ उतारासारखी सुरेख उतरत होती. तिच्यात गोगलगायी नव्हत्याच.

“म्हणजे कोणीच राहिलं नाही?” बाई वळल्या. “एकही जण गेला नाही असा?”

पहिल्या बाकावर विसरभोळीने हळूच बोट वर केलं.

“मी नाही गेले, बाई.”

“तुझी कुठे होती?”

“घसरगुंडीपाशी. मला यायचं होतं. घरी गेले आणि विसरले.” तिने घाबरत भाचीकडे पाहिलं. “चुकलं का?”

“सकाळी होती ती जागेवर?”

“होती की. खूण केलीय मी.” मग तिचा चेहरा बदलला. आजूबाजूच्या मुलांकडे तिने आळीपाळीने पाहिलं. “म्हणजे माझी एकटीच आली?”

मग सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणालं खरंच आली, कोणी म्हणालं कोणीतरी चुकून हिचीच आणली असेल, आणि घोड्याने शपथेवर सांगितलं, की घसरगुंडीपाशी तो स्वतः होता, आणि हिच्या आकड्याची त्याने बघितली होती, पण दुसऱ्याच्या गोगलगायीला हात लावायचा नाही असं बाईंनी सांगितलं होतं.

“एकीवरून काही सिद्ध होत नाही,” भाची म्हणाली. ते ती मुलांना सांगत होती की स्वतःला, हे तिचं तिलाच माहीत.

“आमची नावं खोडणार?” खारूताईने विचारलं.

भाची म्हणाली, “नावं कशाला खोडू? पण पेपरच उरला नाही आता.”

“मग परत करू या,” खारूताई म्हणाली. तिने बराच विचार केला आणि पुढे जोडलं, “पण त्या दिवशी संध्याकाळी गेटला कुलूप लावा, बाई. नाहीतर आम्ही येऊ.”

“सांगितलं तरी?”

“सांगितलं तरी.”

*

घंटा झाली. मुलं मैदानात पळाली. वर्गात दोघीच राहिल्या. भाची मागच्या बाकावर तशीच बसून होती, गुडघे बाकाला टेकलेले. बाक सहावीच्या मुलांच्या मापाचे होते.

“तू वाचायचा हट्ट केला नसतास, तर...” ती म्हणाली आणि थांबली.

“तर गेला असता,” बाई म्हणाल्या. “हो.”

त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. मधल्या वाटेने येऊन त्या भाचीच्या शेजारी बसल्या. बाक दोघींना पुरत नव्हता, तरी बसल्या.

“संध्याकाळी मुलं इथे खेळायला येतात,” त्या म्हणाल्या. “तुला माहीत नव्हतं. मला होतं. रोज बघते मी. पण माझ्या डोक्यात गोगलगायी एवढ्या भरल्या होत्या, की पोरं सुटली.”

“मीही रात्रीचाच विचार केला. गोगलगायी रात्री चालतात म्हणून.” भाचीने आलेख त्यांच्याकडे सरकवला. “हा बघ. कोण किती लांबपर्यंत शोधत गेलं, त्याचा आलेख आहे हा. आणि ही खारूताई.” तिने टोकाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “किती जपलं होतं मी हिला.”

बाईंनी चष्मा वर करून ठिपक्याकडे पाहिलं. “जपण्यासारखीच आहे,” त्या म्हणाल्या.

भाचीला तेव्हा रडू फुटलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला खडूची भुकटी होती; निळ्या कुडत्यावर पाच बोटं पांढरी उमटली. दोघींपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही.

“जागेचं काय होईल तुझ्या?”

“बघू.”

“माझ्याकडे राहायला ये, काही नाही झालं तर.”

“वह्या तपासायला लावशील.”

“लावीनच की. फुकट कोण ठेवून घेतंय?”

भाचीने डोळे पुसले आणि हसली. मग तिने लॅपटॉप जवळ ओढला. जर्नलचं पान उघडंच होतं. नावांची लांबलचक रांग, आणि प्रत्येक नावापुढे ती रिकामी चौकट. ती त्यांच्याकडे बघत असतानाच फोन वाजला.

“सर,” ती मावशीला म्हणाली आणि उचलला.

फोनमधला आवाज घाईत होता आणि रिकाम्या वर्गात तो स्पष्ट ऐकू येत होता. “पाठवलास का? शेवटच्या तासाला त्यांची वेबसाइट बंद पडते, अनुभव आहे मला.”

“नाही सर. पाठवत नाही.”

“म्हणजे? फॉरमॅटिंग राहिलंय का काही?”

“नाही, ते सगळं झालंय. लेखकांची हरकत आहे.”

“हरकत? कोणाची?”

“सगळ्यांची.”

खिडकीबाहेर टाकीमागच्या भिंतीशी मुलांचा घोळका जमला होता. विसरभोळी मध्यभागी उभी होती आणि बाकीचे तिला वाट करून देत होते.

“पण काल रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं ना?” सरांनी विचारलं. “मग आता असं अचानक झालं तरी काय?”

“त्यांनी पेपर वाचला, सर,” भाची म्हणाली.